आयोडीनवाल्या काकू

आमच्या घरी तीन वेळा भात असायचा. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा भात. गोंदियाकडे सगळेच भात खातात, पण आमचा भात कणीचा. बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. तांदूळ सडताना जो तुटून चुरा पडतो ती कणी, आणि ती मिलवाले कामगारांना द्यायचे. अख्खा तांदूळ आम्ही लोकांच्या लग्नात बघायचो. सोबत मिरचीचा ठेचा. वरण पाहुणे आले तर. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. पोट भरायचं. आईचं तर असं भरायचं की चाळिशी गाठता गाठता तिला डायबेटिस झाला आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही. आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं की साखरेचा आजार साखर खाणाऱ्या लोकांना होतो. आमच्याकडे साखर फक्त चहात, तीही मोजून.

मग एका रोवणीत, म्हणजे भातलावणीत, धानाच्या चिखलात उभी असताना आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. रोवणी संपली, दिवाळी आली, तरी जखम ओलीच. तेव्हा कुठे तालुक्याला रक्त तपासलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अंगठा काढावा लागेल.

मी त्या वेळी पुण्यात होते. कर्वेनगरला राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, केमिस्ट्री. आमच्या खानदानात बारावीच्या पुढे गेलेलं माणूस मीच. आणि ज्या काकूंकडे मी भाड्यानं राहायचे, त्यांच्याबद्दल मला खरं तर लिहायचंय.

काकू एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होत्या. तीस-बत्तीस वर्षं पोरांच्या हातात परीक्षानळ्या देऊन आणि फोडलेल्या परत घेऊन निवृत्त झालेल्या. बायकांच्या पर्समध्ये रुमाल असतो, टिकल्यांचं पाकीट असतं. काकूंच्या पर्समध्ये ड्रॉपरची एक तपकिरी बाटली असायची, आयोडीनची. त्या बाटलीनं त्यांनी निम्म्या कर्वेनगरशी वैर घेतलेलं.

मी पहिल्या दिवशी तीन जिने चढून बॅग टेकवली, तर त्यांनी विचारलं, "काही खाल्लंस?"

"हो काकू. गाडीत ब्रेड खाल्ला. ब्राउन होता."

"ब्राउन का?"

"पौष्टिक असतो ना."

त्यांनी फ्रीजमधून एक पांढरा स्लाइस काढला, माझ्या पिशवीतून माझाच उरलेला ब्राउन काढला आणि दोन्हींवर एकेक थेंब टाकला. दोन्ही निळे-काळे पडले, शाईची दौत सांडल्यासारखे.

"यातला पौष्टिक कुठला तेवढं मला दाखव," काकू म्हणाल्या. "रंग दिलाय त्याला. आत मैदाच आहे. खरा कोंडा असता तर चावताना दातांनी तक्रार केली असती."

आता स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळं होतं, हे मला दहावीपासून पाठ होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळवलेले. पण पाठ केलेली गोष्ट आपण अर्धा खाल्लेल्या ब्रेडवर घडते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ब्रेड अर्थातच वाया गेला. काकूंच्या घरी रोज काहीतरी वाया जायचं. ओट्यावर, टेबलावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा निळे डाग होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम पिवळं असायचं.

त्यांचं आवडतं वाक्य एकच, "गोड लागणं हा पुरावा नाही." आंबट, खारट, तिखट, काहीही असो, काकूंच्या मते त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. मला त्यांनी एकदा पोळीचा कोरडा घास तोंडात धरायला लावला. "गिळायचं नाही. चावत राहा." मी चावतेय, चावतेय, जबडा दुखायला लागला.

"कसं लागतंय?"

"गोड," मी भरल्या तोंडानं.

"कुणी घातली साखर? मी तर नाही घातली. तुझ्या थुंकीनं केली ती. पोळी, भात, ब्रेड, बटाटा, सगळ्यांचा शेवट पोटात एकच. आता गीळ."

कोपऱ्यावरच्या फळवाल्यावर तर त्या प्रयोगच करायच्या. कच्च्या केळ्यावर थेंब टाकला, केळं काळंनिळं. पिकलेल्यावर टाकला, रंगच येईना. फळवाला खूश. "बघा काकू, आमच्या केळ्यात काही नाही."

"आहे हो. पिकल्यावर नाव बदलून साखर म्हणून राहतंय," काकू म्हणाल्या, आणि त्याच्याकडून दोन पेरू घेतले. थेंब टाकलेल्या दोन्ही केळ्यांचं काय करायचं ते त्याला विचारू दिलं नाही.

मग तो गुळाच्या चहावाला. आमच्या रस्त्यावर एक नवीन दुकान निघालं. दारात मोठी पाटी, डायबेटिसवाल्यांसाठी खास गुळाचा चहा. काकूंना स्वतःला पंधरा वर्षं डायबेटिस. त्या मला घेऊन गेल्या, स्टुलावर बसल्या, पर्समधून साखर मोजायचं मशीन काढलं, बोटाला सुई टोचून आकडा बघितला आणि मग कपभर चहा प्यायल्या. प्यायल्या आणि तिथेच बसून राहिल्या. तासभर. दुकानाचा मालक आधी कौतुकानं बघत होता, मग नुसता बघत होता. गिऱ्हाइकं उभ्यानं चहा पीत होती आणि काकू दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर. तासानं त्यांनी पुन्हा सुई टोचली आणि मशीन त्याच्या नाकासमोर धरलं.

तो म्हणाला, "पण काकू, गूळ नैसर्गिक असतो."

"धोतराही नैसर्गिक असतो. आपण चहात घालत नाही."

तिसऱ्या दिवशी पाटीवरून डायबेटिसवाले गेले. त्यांच्या जागी 'कुटुंबासाठी' आलं. काकूंना ते मान्य होतं. कुटुंबाचं कुटुंबानं बघावं, म्हणाल्या.

कुणाला वाटेल बाई फार कडक, जिभेवर ताबा असलेली. मुळीच नाही. दर रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्या अर्धी जिलबी खायच्या. बशीत घेऊन, खुर्चीत बसून, रेडिओ बंद करून. नंतर सोसायटीला अकरा फेऱ्या. मी एकदा म्हटलं, "काकू, तुम्हीच खाता?" तर म्हणाल्या, "तुझ्यादेखत खाते. चोरून खाल्ली असती तर फेऱ्या घालायची काय गरज होती?"

आईच्या अंगठ्याची बातमी आली तेव्हा मी गॅलरीत उभी राहून रडत होते. काकूंनी विचारलं, मी सांगितलं. धीर देणं वगैरे त्यांना जमायचं नाही. त्यांनी एकच शब्द पकडला.

"कणी? कणी म्हणजे नक्की काय? नीट सांग."

मी सांगितलं. केवढी असते, कशी शिजते, पेज किती पातळ. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्या बोलण्यावर पुण्यात बरेच जण हसायचे, मी 'मले' म्हटलं की मागून 'मले' ऐकू यायचं. काकू कधी हसल्या नाहीत. त्यांना शब्दात रस नव्हता, कणी शिजायला किती मिनिटं लागतात यात होता.

"बारीक तुकडा, त्यात मऊ शिजवलेला, त्यात पातळ," त्या म्हणाल्या. "तोंडात टाकला की रक्तात. तुझी आई कधी गोड खातच नव्हती म्हणतेस ना? ती दिवसातून तीनदा खात होती. आण तिला इकडे."

"पण काकू, माझी खोली एवढीशी..."

"तुझी खोली तुला. त्या माझ्या खोलीत झोपतील."

आई आली. मी तिला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम साफ केली, गोळ्या लिहून दिल्या, पायावर भार द्यायचा नाही म्हणाले. "सहा आठवडे बघू. साखर ताब्यात आली तर जखम भरेल, अंगठा राहील. नाही आली तर काढावा लागेल, आणि उशीर केला तर नुसता अंगठा पुरणार नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अंगठा नाही राहिला तं चिखलात पाय कसा रोवू मी?" एवढंच म्हणाली. ते सहा आठवडे मी त्या वाक्यावर काढले.

पहिल्याच जेवणाला दोघींचं वाजलं. काकूंनी ताटात पालेभाजी वाढली, घट्ट वरण वाढलं, काकडी वाढली आणि आमटीच्या वाटीनं एक मूद भात.

आईनं मुदीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हे काय वो बाई? एवढा तं आम्ही चिमण्यांले टाकतो."

"भाजी आणि वरण आधी खायचं. भात शेवटी."

"मंग भातासंग काय खाऊ?"

"भूक उरली तर भात. नाही उरली तर फारच छान."

"भाताशिवाय जेवली असं मले वाटतच नाही."

"वाटायला सहा आठवडे आहेत. सावकाश वाटू द्या."

आईनं त्यांना 'मास्तरीनबाई' नाव ठेवलं. काकूंनी आयुष्यात एक तास शिकवला नव्हता, पण त्यांनी ते नाव दुरुस्त केलं नाही. मला वाटतं, आवडलं होतं.

काकूंचा दुसरा नियम, जेवल्यावर हालचाल. पण आईला चालायची बंदी. काकूंनी एक दिवस विचार केला आणि आईला विचारलं, "तुमच्या कामात हात कसे चालतात ते दाखवा." आईनं खुर्चीत बसल्या बसल्या दाखवलं. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं रोप तोडायचं, वाकायचं, रोवायचं, उठायचं. काकूंनी शेजारी खुर्ची ओढली. तेव्हापासून दुपारी आणि संध्याकाळी, जेवण झालं की कर्वेनगरच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोन बायका खुर्च्यांवर बसून हवेत धान रोवायच्या, पंधरा मिनिटं. आई रोवणीचं गाणं म्हणायची, काकू मागून ओढायच्या, सूर त्यांना नव्हताच. "ओळ वाकडी गेली वो मास्तरीनबाई," आई म्हणायची, आणि काकू खरंच मागची रोपं उपटून पुन्हा लावायच्या.

सोसायटीचे सेक्रेटरी खालून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय चाललंय वरती?"

"भात लावतोय," काकू म्हणाल्या.

"गॅलरीत?"

"किचनमध्ये चिखल होतो."

मला त्या दिवशी हसून हसून बाथरूममध्ये जाऊन बसावं लागलं. आईला इतकं हसताना मी लहानपणीही पाहिलं नव्हतं.

पण तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी जखम बघितली आणि त्यांना काही हसू आलं नाही. "जिथल्या तिथे आहे. घरी साखर बघताय ना?"

बघत होतो. काकूंनी भिंतीवर तक्ताच लावला होता. पाच दिवस आकडे छान, आणि आठवड्यातून दोनदा आकडा एकदम टुणकन वर. मधल्या एका आठवड्यात तीनदा.

"आता तीन आठवडे राहिलेत," डॉक्टर म्हणाले. "नंतर मी सर्जनला बोलावणार."

काकूंनी घरी येऊन तपास सुरू केला. पहिला संशय माझ्यावर, की मी आईला भात चोरून देते. माझ्या बॅगा तपासल्या. मग मशीनवर संशय, ते स्वतःवर चालवून बघितलं. मग गोळ्यांवर. मग खालच्या मजल्यावरच्या आजींवर, त्या आईला लाडू देताना दिसल्या होत्या म्हणून. ते लाडू डिंकाचे निघाले आणि आईनं ते मला दिले होते, मी खाल्लेही होते. शेवटी त्या तक्त्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या.

"सोमवार," त्या म्हणाल्या. "गुरुवार. सोमवार. गुरुवार. मधेच हा मंगळवार. ताई, सोमवारी तुम्ही काय खाता?"

"सोमवारी? काहीच नाही. उपास असते माहा."

"आणि गुरुवारी?"

"तो पोरीच्या परीक्षेसाठी. सोमवार पायासाठी धरला, गुरुवार पोरीसाठी. त्या मंगळवारी चतुर्थी होती. त्या दिवशी मी काहीच नाही खात, तुम्हाले तं माहीत आहे."

काकूंना माहीत होतंच. कारण त्या दिवशी आईसाठी साबुदाण्याची खिचडी काकू स्वतः करायच्या. पाहुणी, तीही नवस बोललेली, तिला उपासाचं नीट करून घालायचं, म्हणून तूप, जिरं, हिरवी मिरची, कूट, आणि वर लिंबू. सकाळी मोठी वाटी, दुपारी परत, संध्याकाळी बटाट्याचा कीस. आई म्हणायची, आमच्याकडे याला उसळ म्हणतात, पण अशी मऊ आम्हाले जमत नाही. काकू खूश होऊन आणखी वाढायच्या. आणि मी, केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, शेजारी बसून तेच खायचे.

काकू उठल्या. डब्यातून मूठभर साबुदाणा बशीत ओतला, पाणी शिंपडलं, थोडा थांबल्या आणि ड्रॉपरनं एक थेंब टाकला. मग आणखी एक. तो जो काळा झाला, तसा काळा मी कॉलेजातही पाहिला नव्हता. पावाचा निळा त्यापुढे फिका. बशी एखाद्या काजळाच्या डबीसारखी दिसत होती.

आई म्हणाली, "देवाचं आहे वो ते. त्याच्यात काय टाकलं?"

काकू खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता काहीतरी कडू बोलतील. त्यांना हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"ब्रेडवाल्याशी भांडले," त्या म्हणाल्या. "चहावाल्याशी भांडले. फळवाल्याची केळी नासवली. लोकांच्या लग्नात जाऊन पनीरवर थेंब टाकले. आणि माझ्या स्वतःच्या डब्यातल्या साबुदाण्याकडे पंधरा वर्षांत एकदा संशयानं बघितलं नाही. का? तर म्हणे उपासाचं. उपासाचं म्हणजे जेवणच नाही." मग त्या आईकडे वळल्या. "अहो ताई, तुमची साखर मी वाढवली. माझ्या हातानं. वर लिंबू पिळून. माझं चुकलं."

पुण्यात मला आता सहा वर्षं झाली. 'माझं चुकलं' हे वाक्य मी इथे तेवढं एकदाच ऐकलं.

आईला आधी काही पटेना. "म्हणजे मी पाय बरा व्हावा म्हणून उपास धरला आणि त्याच्यानंच पाय..."

"त्याच्यानंच."

आई म्हणाली, "पण मी उपास नाही सोडणार. बोलली ती बोलली."

मी काकूंकडे बघितलं. आता भांडण होणार. काकू म्हणाल्या, "सोडा म्हणतंय कोण? तुमचा शब्द देवाशी आहे, साबुदाण्याशी नाही. साबुदाण्याला तुम्ही काही वचन दिलंय का?"

"नाही दिलं."

"मग झालं."

नुसतं उपाशी राहायला डॉक्टरांनी फोनवर साफ मनाई केली, गोळ्या चालू होत्या. मग काकूंनी उपासाला चालणाऱ्या सगळ्या पदार्थांची यादी केली आणि बाटली घेऊन टेबलावर बसल्या. बटाटा काळा. रताळं काळं. भगर काळी. काकडी नाही. दही नाही. लाल भोपळ्यावर थोडासाच. ओळखीच्या एका गुरुजींना फोन लावून विचारलं, भोपळा सोमवारी चालतो ना. ते म्हणाले चालतो. काकूंनी त्यांना त्याच फोनवर त्यांचं वजन विचारलं. गुरुजींनी फोन ठेवला. शेवटी ठरलं ते असं, वाटीभर दह्यातला भोपळा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, ताक, आणि दोन वेळा फक्त दोन चमचे भगर. पहिल्या सोमवारी आईनं ते ताट बघितलं आणि म्हणाली, "हा उपास आहे की आजारपन?"

"दोन्ही आहे," काकू म्हणाल्या. "बसा."

आणि आई बसली. दोघी बसल्या, कारण काकूंनीही त्या दिवसापासून सोमवार धरला. देवासाठी नाही म्हणायच्या, सोबत म्हणून. जेवणानंतर दोघींनी गॅलरीत दोन बांध्या, म्हणजे धानाच्या शेताचे दोन तुकडे, रोवल्या. दोन तासांनी सुई टोचली. आकडा खाली होता. काकूंनी तो तक्त्यावर लिहिला, आणि आईनं, जिला अक्षर म्हणजे फक्त स्वतःच्या नावाचं येतं, पेन मागून घेतलं आणि त्या आकड्याभोवती गोल काढला.

तीन आठवडे तसेच काढले. माझे पेपर चालू होते. मी सकाळी पेपरला जायच्या आधी आईची पट्टी बदलायचे, संध्याकाळी येऊन पाय बघायचे. आधी कडा कोरड्या झाल्या. मग मध्ये गुलाबी कातडी धरली. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा दाबून बघितला, आईला विचारलं दुखतं का, आणि सर्जनला बोलावलं नाही.

काकूंची ती इमारत आता रीडेव्हलपमेंटला गेलीय. त्या तिथेच जवळ भाड्यानं राहतात आणि बिल्डरच्या सत्यनारायणाला बाटली घेऊन गेल्याचं मी ऐकलंय. मी हिंजवडीच्या रस्त्याला एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत तपासणीच्या कामावर आहे. आई गावी असते, एक वाटी भात शेवटी खाते, तिच्या गोळ्या चुकत नाहीत.

त्या वर्षी मी बी.एस्सी. पास झाले, पहिल्या वर्गात, आमच्या घरातली पहिली. आईचा अंगठा राहिला. पुढच्या पावसाळ्यात तिनं पूर्ण रोवणी केली.